अकरा पत्रं

डेलियाची गाडी गरगर फिरली नाही की कशावर आपटली नाही. शहाण्या गाईसारखी सावकाश रस्ता सोडून ती चारीत उतरली आणि बर्फात नाक खुपसून उभी राहिली. दोन्ही बाजूंना कापून नेलेल्या मक्याची शेतं... आणि माणूस औषधालाही नाही.

दहा मिनिटांनी एक पांढरी व्हॅन आली. वेस्ट हॅलमच्या शाळेची. तिच्यातून रुंद खांद्यांचा एक माणूस उतरला. त्याचे दोन्ही कान कुणीतरी कणकेसारखे चुरगळून परत लावल्यासारखे दिसत होते.

"मानेला वगैरे लागलं नाही ना?"

"मानेला काही नाही," डेलिया म्हणाली. "मानाला थोडं लागलंय. सरळ रस्त्यावरून गाडी चारीत घातली हो मी!"

तो मोकळा हसला आणि व्हॅनकडे वळून ओरडला, "उतरा रे सगळे! आज वजनं उचलायची राहिली होती ना?"

नऊ पोरं-पोरी भराभर खाली उतरल्या. तांबड्या वेणीच्या एका उंच मुलीनं सगळ्यांना जागा वाटून दिल्या आणि त्यालाही दटावलं, "कोच, तुम्ही लांब! तुमचा गुडघा!" एक, दोन, तीन... गाडी रस्त्यावर.

"मी डेलिया थॉर्सन. दवाखान्यात बदली डॉक्टर म्हणून आलेय, मेअखेरपर्यंत. डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत ना." मग तिला राहवेना. "तुमच्या कानांत साकळलेलं रक्त वेळीच काढलं असतं, तर ते असे झाले नसते."

"तेव्हा..." त्यानं कान चोळला, "तेव्हा तुम्ही नव्हतात ना इथे."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. कान लालबुंद झाले. व्हॅनजवळून एकच गिल्ला – "ओहो, कोच!"

"बसा गाडीत!" तो खेकसला. मग हळूच म्हणाला, "एमेट होलुब. भूमिती शिकवतो. कुस्ती शिकवतो. आणि... हे असं सगळं."

*

जानेवारीच्या शेवटी तांबड्या वेणीची तीच मुलगी, विनी स्टोल्झ, दवाखान्यात आली. हातावर नाण्याएवढा गोल चट्टा. नायटा. कुस्तीगीरांना होतोच. डॉक्टरांची सही असल्याशिवाय मॅटवर उतरता येत नाही, म्हणून ती कागद घेऊन आली होती.

"नऊ दिवसांनी विभागीय सामने आहेत," विनी म्हणाली. "शाळेतलं शेवटचं वर्ष माझं. हातावरचा तीन दिवसांत बसतो, मला माहितेय."

डेलियानं तिची वेणी सोडली. केसांच्या मुळाशी तसाच आणखी एक चट्टा होता.

"हातावरचा बसेल गं. पण डोक्यातल्याला चौदा दिवस गोळ्या लागतात." तिनं पेन खाली ठेवलं. "मला सही करता येणार नाही."

विनीनं जाताना दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विनी राज्यात पहिली येणार, हे वेस्ट हॅलमनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. लुएलाच्या कॅफेत डेलियाचा कप रिकामा राहू लागला. लुएला किटली घेऊन तिच्या टेबलावरून सरळ पुढे जायची. शाळेच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षानं तर फोनच केला, "शेजारच्या काउंटीत एक डॉक्टर आहे. तो इतकं बघत बसत नाही. आम्ही आपलं तुम्हाला सांगून ठेवतोय."

आता कोच येईल, भांडेल, याची डेलियानं मनाशी तयारी केली. तो आलाच, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर. टोपी हातात.

"मॅट कशानं धुवायच्या?" त्यानं विचारलं.

"काय?"

"एवढी वर्षं जे वापरतोय ते पुरत नसणार. नाहीतर हिच्या डोक्यात गेलं कसं? बाकीच्या पोरांनाही तपासून द्याल का?"

"आणि... तो शेजारच्या काउंटीतला डॉक्टर?"

"त्याची सही घेऊन विनी जिच्याशी लढेल, तीही कुणाची तरी विनीच असेल की." त्यानं टोपी फिरवली. "विनीला मी सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल."

त्या दिवशी डेलियानं आठही जणांची डोकी तपासली. आणखी दोघांना लागण निघाली. मग बाह्या सरसावून ती त्याच्याबरोबर मॅट पुसायला बसली. तो एका टोकाकडून, ती दुसऱ्या. मध्यावर दोघांचे बोळे एकमेकांवर आपटले.

"हा माझा कोपरा," ती म्हणाली.

"मध्याला कोपरा नसतो. भूमितीत तरी."

"नापास करणार का मग?"

"नाही," तो बोळ्याकडे बघत म्हणाला. "शाळा सुटल्यावर थांबवून घेतो."

*

विभागीय सामन्याला विनी लोकरीची टोपी घालून कोचशेजारी बसली होती. तिच्या वजनी गटाच्या कुस्त्या सुरू झाल्या तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. कोचनं आपली खुर्ची इंचभर तिच्याकडे सरकवली. वर प्रेक्षकांत डेलिया बसली होती. मी बरोबर होते, तिनं स्वतःला बजावलं. बरोबर असणं इतकं दुखतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी कॅफेत एमेट तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काखेत कागदांचा गठ्ठा.

"राज्य स्पर्धेत दिसली असती, तर कॉलेजांचे कोच तिला संघात घ्यायला आपणहून आले असते. आता आपणच जायचं त्यांच्याकडे. अकरा कॉलेजं आहेत. पण मी भूमितीवाला... भाषा जरा बघाल?"

सगळी पत्रं विनीबद्दल होती, आणि प्रत्येक वेगळं. डेलिया लाल पेन घेऊन बसली आणि पेन हातातच राहिलं. 'ही मुलगी हरली तर आधी समोरचीला हात देऊन उठवते, मग कोपऱ्यात जाऊन रडते.' 'हिला भूमितीत क श्रेणी मिळाली, कारण मी दिली. हिनं ती ब करून दाखवली.' एखाद्या माणसाकडे कुणी इतकं नीट बघतं? आणि हा माणूस आपल्याकडे बघत असेल तेव्हा त्याला काय काय दिसत असेल?

"चुका फार आहेत का?" त्यानं काळजीनं विचारलं.

"एक आहे." तिनं कागदांचा गठ्ठा सरळ केला. "तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही."

"माझ्याबद्दल काय लिहायचं?"

"ते... मी सांगेन कधीतरी."

लुएलानं राजमा-खिम्याची गरम चिली आणि दालचिनी रोलच्या दोन बश्या आणून ठेवल्या आणि जाता जाता डेलियाचा कप काठोकाठ भरला.

मार्चभर रविवार तसेच गेले. पत्रं संपली तरी दोघं बसत राहिले. कधी भूमितीचे पेपर, कधी नुसत्याच गप्पा. एप्रिलमध्ये एका छोट्या कॉलेजाचं उत्तर आलं, 'मुलीला घेऊन या.' विनी ते पत्र घेऊन दवाखान्यात धावत आली, डेलियाला गच्च मिठी मारली आणि कानात म्हणाली, "कोच तुमच्याबद्दल बोलताना वाक्य पुरं करत नाहीत. लक्षात आलंय का तुमच्या?"

आलं होतं. पण तो पुढे काही म्हणतच नव्हता. आणि डे मॉइन शहरातल्या एका इस्पितळातून डेलियाला कायमची नोकरी आली होती. दोन तासांवर.

*

मेच्या शेवटच्या शनिवारी तो सामान हलवायला आला. एकामागून एक खोकी उचलून गाडीत ठेवत होता, जपून, न बोलता. सातव्या खोक्याला डेलियाचा संयम सुटला.

"कोच, एखादं तरी खोकं पाडा ना!"

"का?"

"म्हणजे मला कळेल की मी चाललेय याचं तुम्हाला काहीतरी वाटतंय!"

त्यानं खोकं खाली ठेवलं.

"हिवाळ्यात सगळं गाव तुमच्या मागे लागलं होतं," तो म्हणाला. "मन बदला म्हणून. तुम्ही ताठ उभ्या राहिलात. मला त्यांच्यातला एक व्हायचं नव्हतं, डेलिया. मी 'थांब' म्हणालो असतो तर... पण वाटतं. रोज वाटतं. भूमितीचा तास चालू असताना वाटतं आणि फळ्यावर त्रिकोणाला चार बाजू निघतात. पोरं हसतात. मला तू... मला तू फार..."

त्यानं कान चोळला.

"पुरं कर वाक्य," ती म्हणाली.

"मला तू फार आवडतेस. थांबशील?"

"नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एका क्षणात विझलं. पण तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"नोकरी मला हवीय, एमेट. आणि तू ही पोरं सोडून तिकडे यावंस, असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण दोन तास म्हणजे काय रे? शनिवारी तू ये, नाहीतर मी येते. वर्षभर करून बघू. मग कुणी कुठे राहायचं, ते दोघं मिळून ठरवू."

"शनिवारी सामने असतात," तो हळूच म्हणाला.

"मग मी सामन्याला येईन! ओरडायला शीक म्हणालास तर तेही शिकेन."

तो हसला आणि त्यानं तिला जवळ घेतलं. इतकं हलकेच, की रोज माणसं उचलून आपटायला शिकवणारे हात हेच का, असं तिला वाटलं. मग तीच त्याला बिलगली, घट्ट. दार सताड उघडं होतं. समोरच्या अंगणात शेजारीण पाण्याची नळी हातात धरून तशीच उभी होती. पाणी तिच्या बुटांत चाललं होतं.

"आता गावभर होईल," तो तिच्या केसांत पुटपुटला.

"होऊ दे. जेवलास का?"

"नाही."

डेलियानं 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्याची चिकटपट्टी टरकन ओढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बश्या बाहेर काढल्या.