पाव मिलिमीटरची जागा

"आज दातांच्या मध्ये थोडं तासावं लागेल," तो म्हणाला, आणि मी गळ्यातल्या लाळेऱ्यासकट खुर्चीतून उठून उभी राहिले.

मी आले होते प्रेरणा मॅडमकडे. माझे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. ते सरळ करायला मॅडमनी मला अलायनर दिले होते, म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक साचे. त्या दिवशी त्यांना अचानक गावी जावं लागलं आणि त्यांच्या जागी हा. मास्कच्या वर दोन डोळे, हातात एक बारीक चमकती पट्टी. ओळख ना पाळख... आणि म्हणे दात तासतो.

आमच्या घरात तासलेल्या दातांचा एकच अर्थ. आम्ही पडेगावचे, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं. मेंढीचं वय तिच्या दातांवरून ठरतं. बाजारात एखादा लबाड व्यापारी म्हाताऱ्या मेंढीच्या दातांवर कानस फिरवतो आणि ती तरणी म्हणून गळ्यात मारतो. आबा एकदा असे फसले होते, आणि त्या माणसाचं नाव आजही आमच्याकडं शिवीसारखं घेतात.

हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. स्टूल ओढून समोर बसला आणि मास्क खाली केला. हा दुसरा धक्का, कारण माणूस चांगलाच देखणा निघाला.

चावायच्या टोकाला हात लावायचा नाही, असं त्यानं समजावलं. दोन दात जिथं एकमेकांना टेकतात, तिथलं वरचं कवच जरासं उतरवायचं, पाव मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढी जागा झाली की चढलेला दात आपणहून सरकतो. कवच जाड असतं, नस लांब असते, सुई लागत नाही. मग त्यानं ती पट्टी माझ्याच हातात दिली. एका बाजूनं ती बारीक खरखरीत लागत होती.

"तुम्ही हात वर केला की मी थांबेन," तो म्हणाला. "आणि नकोच असेल, तर आज नुसता चहा घेऊन जा."

"पेशंटला चहा देता?"

"पळून जाणाऱ्या पेशंटला... देतो."

मी बसले. दुखलं काहीच नाही, पण तो खर्र आवाज थेट कवटीत वाजला. मी उगाचच हात वर करून पाहिला. तो थांबला. पुन्हा केला, पुन्हा थांबला. घरात, कंपनीत, कुठंही माझा हात वर गेल्यावर कुणी इतक्या मुकाट्यानं थांबलेलं मला आठवत नव्हतं. घरी जाताना मी माझ्या दातांचा नाही, त्याच्या डोळ्यांचाच विचार करत होते.

त्याचं नाव माऊली. वैजापूरचा, घरी कांद्याची शेती. मॅडमनी त्याला ठेवून घेतलं, आणि शेंद्र्याच्या कंपनीतली शिफ्ट संपली की मी, तपासणीला जरा आधीच, दवाखान्यात हजर होऊ लागले.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. शहर मात्र पसरतच होतं. आबांच्या चराईच्या माळावर प्लॉटचे खांब उभे राहिले होते आणि नळाचं पाणी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. चूळ भरायला माऊली मला अर्धाच पेला द्यायचा आणि दुष्काळ त्यानंच पाडल्यासारखी माफी मागायचा. प्रश्न तर नेमके माझं तोंड उघडं असताना विचारायचा. तुमच्याकडं नवरदेव घोड्यावर बसतो की मेंढ्यावर? मी "आँ" केलं की स्वतःच ठरवून मोकळा व्हायचा, "म्हणजे मेंढा. चालेल मला."

आणि एका संध्याकाळी त्याचा हात मध्येच थांबला. मी हात वर केलेला नव्हता. त्यानं पट्टी खाली ठेवली.

"योगिनी, पुढच्या वेळेपासून मॅडम बघतील. मी तुमच्यावर उपचार करणार नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही," एवढंच म्हणून तो आत निघून गेला. मी लाळेरं स्वतःच सोडून खुर्चीवर ठेवलं आणि निघाले.

घरी जेवण जाईना. आईनं काय झालं म्हणून खोदून विचारलं. खरं दुखणं सांगता येत नव्हतं, म्हणून दात तासल्याचं बोलून बसले. आबांचा भाकरीचा घास तोंडाशीच थांबला. रविवारी मला बघायला पाहुणे यायचे होते. पोरीचं वय लपवायला दात तासले म्हणतील, या विचारानं आबांचा चेहरा उतरला. मी परोपरीनं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. सकाळी उठून बघते तर आबा घरात नाहीत.

दवाखान्यातच गेले असणार, म्हणून मी तशीच गाडी काढली. दवाखान्याच्या दारातच थबकले. पेशंटच्या खुर्चीत माऊली आ करून बसला होता. आबा अंगठ्यानं त्याचा ओठ वर करून दात बघत होते. शेजारी मॅडम टॉर्च धरून उभ्या होत्या.

"याचे बी तासलेत म्हंतो, शिकत व्हता तवा," आबा मला म्हणाले. "टोक तर साबूत हाय. बाजूनं उतरवलंय व्हय... मंग ही लबाडी नाय."

वाटलं, मिटलं. पण आबांचं संपलं नव्हतं. "आन् म्याडम म्हंत्यात, माझ्या लेकीला मधीच सोडलं. काहून? काम जमंना का तुमाला?"

माऊली उठून बसला. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"जमत होतं, आबा. पण त्या दिवशी माझा हात थरथरला. काम पाव मिलिमीटरचं... ज्या माणसावर आपला जीव जडलाय, त्याच्या दाताला थरथरत्या हातानं पट्टी लावू नये. आणि तिचा डॉक्टर असताना हे तिला सांगणंही बरं नव्हतं. म्हणून आधी ते काम सोडलं. आज संध्याकाळी योगिनीला सांगणार होतो. तुम्ही आधी आलात."

मॅडमनी टॉर्च विझवला. माझे कान तापले. आबा माझ्याकडं वळले.

"तुला ठावं व्हतं हे?"

"नाही, आबा."

"आन् तुझं?"

"माझाही जीव जडलाय," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकले, पण थांबले नाही. "रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा."

आबा मटकन स्टुलावर बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग त्यांनी माऊलीकडं पाहिलं.

"वैजापूरला घरी कोण कोण असतं?"

"आई... दादा... वहिनी," माऊली सांगता सांगता अडखळला, आणि मी दार सोडून आत गेले व त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.