नेदाआजीच्या उंबऱ्यावरचं पाणी

मी सातवीतच शाळा सोडली. शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीचा रविवार होता. आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात त्या संध्याकाळी धाकटे थोरांच्या घरी जातात, हात चुंबून क्षमा मागतात. थोरांनी म्हणायचं, "देव क्षमा करो, मीही केली." मी हलवा घेऊन शेजारच्या नेदाआजींकडे गेलो.

त्यांच्या घरात भर उन्हाळ्यातही नदीचा ओलसर वास यायचा. टेबलाशी एक खुर्ची कायम रिकामी. ती वेल्कोची. त्याच्याशी आजींचं लग्न ठरलं होतं. आजींच्या थोरल्या भावाने, कामेनने, एका हिवाळ्यात त्याला घोडागाडीत बसवलं आणि गोठलेल्या नदीवर गाडी घातली. बर्फ फुटला. कामेन एकटाच, ओलाचिंब परतला. पुढे तापाने मरेपर्यंत तो एकच सांगत राहिला, बर्फाने दगा दिला.

"काय रे मिंचो, यंदा काय पाप केलंस?" आजींनी विचारलं.

"काही नाही, आजी."

"मग हलवा परत ने. पुण्यवानाचं इथे काय काम?"

मी हसून त्यांचा हात चुंबला. तेवढ्यात दारावर थाप पडली. हळू... ओल्या हाताची असावी तशी.

"बस तू," आजी म्हणाल्या. "कामेन आहे. दर वर्षी याच संध्याकाळी येतो. मी उघडत नाही."

मी बसल्या जागेवरून दाराकडे बघितलं.

"मनात त्याच्यावरचा राग ठेवून चर्चमधलं प्रभुभोजन घेववत नाही रे मला. तसंच मरायची भीती वाटते. पण थोरला तो. थोरल्याने माझ्याकडे क्षमा मागायची ही कुठली रीत?"

"आजी... तो गेला तेव्हा केवढा होता?"

"तुझ्याहून थोडा मोठा."

"मग आता थोरल्या तुम्ही. तो रीतीनेच आलाय."

आजी माझ्याकडे वळल्या. "गाढवा, शाळा कशाला सोडलीस?"

माझा दंड धरून त्या उठल्या. कडी काढली. बाहेर नुसतं धुकं. आजींचा हात आपोआप वर उचलला गेला, जणू कुणी तो हातात घेतला होता.

"बर्फ कच्चा आहे हे मला दिसलं होतं, नेदे..." तरुण माणसाचा आवाज होता. "वेल्को नको म्हणत होता. मीच घोडा हाकला."

आजींची बोटं माझ्या दंडात रुतली. मला वाटलं, आता दार लावतात.

"हे तुला कधी फेडता येणार नाही, कामेन," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे. देव क्षमा करो... मीही केली." मग रिकाम्या धुक्यात त्यांनी कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवला. "किती भिजलास रे."

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा गेलो. आजी चुलीशी गुणगुणत होत्या. घरातला नदीचा वास गेला होता. उंबऱ्यापर्यंत येणारी ओली पावलं एकाच माणसाची होती. परत जाणारी दोघांची. दुसऱ्याची पावलं घरातून, वेल्कोच्या खुर्चीपासून निघाली होती.

आजींनी वळून बघायच्या आत मी फडकं घेऊन ती पुसून टाकली.