मुरलीसाहेबाची हजेरी

गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी एकतीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, थापाड्यांचे कान पिळले. आता या वयात मी थापा मारून काय मिळवणार?

तारीख २३ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. वेळ दिवेलागणीची. जागा पारोळ्याजवळचं आमचं शेत. गावाचं नाव सांगत नाही. आमची माणसं अजून तिथेच राहतात.

माझा धाकटा भाऊ उखर्डू. तेव्हा सव्वीस वर्षांचा.

हे नाव ऐकून शहरातली माणसं हसतात. हसू नका. माझ्या पाठीवर आईला तीन मुलगे झाले, तिघेही वर्षाच्या आत गेले. चौथा झाला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि शेजारणीनं उचलून आणला. टाकलेलं पोर, कोणाला नको असलेलं. असं नाव ठेवलं की यमसुद्धा नाक मुरडून पुढे जातो, असं आमच्याकडे मानतात.

आणि तो जगला. चांगला सहा फुटी गडी झाला.

आईला फक्त एका जागेची भीती होती. आमच्या विहिरीजवळचं साहेबाचं थडगं.

"उखर्डू, तठे कोनी हाक मारी तं ओ देजो नको," ती रोज बजावायची. "बठ्ठा गयात, तू एकच शे." म्हणजे बाकीचे सगळे गेले, तू एकटाच उरलास.

त्यामागची हकिगत आम्हाला तोताराम आबांनी सांगितली होती. आबा म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे भिल्ल. त्यांचे खापरपणजोबा साहेबाच्या पलटणीत शिपाई होते.

साहेबाचं नाव मॉर्ली. लोकांनी त्याचं मुरलीसाहेब करून टाकलं. सतराव्या वर्षी बोटीतून मुंबईला उतरला, तो पुन्हा घरी गेलाच नाही. सरकारनं त्याला खानदेशात धाडलं, सातपुड्यातल्या भिल्लांची पलटण उभी करायला. आधी त्यांच्याशीच लढला, मग त्यांच्याच चुलीपाशी बसून भाकर खाल्ली. त्यांची बोली शिकला. लेफ्टनंटचा कॅप्टन झाला. पुण्याला मोठी बढती मिळत होती, ती नको म्हणाला. लग्न केलं नाही. एकशेवीस शिपायांची नावं त्याला तोंडपाठ होती. रोज दिवेलागणीला कागद न घेता हजेरी घ्यायचा.

एकदा डोंगरात चकमक झाली. परत निघायच्या आधी साहेबानं हजेरी घेतली. एका नावाला कोणी ओ देईना. त्यानं पुन्हा हाक मारली, तेव्हा रांगेतला एक सोबतीच म्हणाला, "हाजीर." त्याला वाटलं, गडी मागे राहिलाय, येईलच. उगाच त्याला बोलणी कशाला बसू द्यायची?

पलटण निघाली.

दुसऱ्या दिवशी तो शिपाई सापडला. मेलेला. पायात गोळी होती. नाल्यापासून कोपरांवर सरपटत, पलटण जिथे उभी होती तिथवर आला होता बिचारा.

त्याचं नाव उखर्डू.

पुढे साहेबानं आठ वर्षं नोकरी केली. रोज हजेरीत ते नाव घ्यायचा. तीनदा. शिपाई माना खाली घालून उभे राहायचे. शेवटी तापानं गेला, तोही तेच नाव घेत. इथेच पुरला. अजून दिवेलागणीला थडग्याकडून हजेरी ऐकू येते आणि जो ओ देईल तो साहेबाच्या रांगेत जातो, असं गावात म्हणायचे.

तर त्या गुरुवारी...

मी पाचोऱ्याहून रजा टाकून माहेरी आले होते. लाईट सहाला येणार होती. उखर्डू गव्हाला पाणी द्यायला निघाला, तेव्हा आईनं मला मुद्दाम सोबत धाडलं. मोटर चालू करून आम्ही विहिरीच्या काठावर शेंगा खात बसलो.

आणि मोटर बंद पडली...

लाईट होती. मोटरच्या पेटीवरचा दिवा जळत होता.

मग रातकिडे थांबले...

मग पाटातल्या पाण्याचाही आवाज येईना. पाणी मला डोळ्यांनी वाहताना दिसत होतं.

थडग्याकडून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा.

"नवश्या..."

"रुपला..."

एकेक नाव. उत्तर काही ऐकू येत नव्हतं. पण प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, कोणी तरी बोलल्यासारखा, आणि पुढचं नाव घ्यायचा.

मग...

"ऊकर्डू."

त्याला 'ख' म्हणता येत नव्हता.

मी भावाच्या तोंडावर हात दाबला.

"ऊकर्डू..."

तिसऱ्यांदा नाव पुरं झालंच नाही. तो रडायला लागला. थडग्याजवळ कोणी नव्हतं, नुसतं रडणं होतं. मी आईला तीन पोरांमागे रडताना ऐकलंय. हे तसंच होतं.

उखर्डूनं माझा हात धरला. ओढला नाही, थोडा सैल केला.

"म्हातारं मानूस शे वं अक्का," तो हळूच म्हणाला. "कितला वरीस हाका मारी राह्यना. कोनीतरी ओ देवाले जोयजे."

त्याला ओ द्यायची होती. मला हात पुन्हा दाबता आला असता. अंगात तेवढी ताकद होती.

मी हात काढला.

तो उठून ताठ उभा राहिला. "हाजीर, साहेब."

रडणं थांबलं.

मग पावलं... खूप पावलं, एका तालात, थडग्यापासून उत्तरेला डोंगराकडे. माती हलत नव्हती. पावलं लांब जात जात संपली आणि मोटर धडधडत सुरू झाली.

घरी येताना उखर्डू खुशीत होता. रात्री ठेच्याशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी खाल्ल्या.

शनिवारी ताप चढला. सोमवारी धुळ्याला दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, काहीच सापडत नाही. मंगळवारी दिवेलागणीला तो गेला.

आईनं रडता रडता मला एकच विचारलं.

"त्यानी ओ दिधी का?"

मी म्हणाले, "नही."

त्या एका 'नही'वर आई नऊ वर्षं जगली. "साहेबनी नही लिधा, तापनी लिधा," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आपला भाऊसपान गया. मी जासू तं चारी भेटतीन." तो आपल्या भावांकडे गेलाय, आपण गेलो की चौघं भेटतील, एवढाच तिला आधार.

थडग्याजवळ त्यानंतर कोणालाच काही ऐकू आलेलं नाही. तो ताप होता की आणखी काही, मला आजही सांगता येत नाही.

आई १९९८ ला गेली. जाताना तिचा चेहरा समाधानी होता. मला खरं बोलायचं धाडस तेव्हाही झालं नाही.

आता ती तिथे पोचली असेल. तिघं तिला सापडली असतील. चौथ्याला ती नावानं हाका मारत फिरत असेल, आणि तो ओ देत नसेल...

तो तिथे नाही. तो साहेबाच्या रांगेत उभा आहे. हे आईला आता कोण सांगणार?