आलो, आई

बसा जरा. मी हळू बोलतो, आणि ही गोष्ट घाईने सांगायची नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा दुपार होती. आठवड्यात बघितलेली ती नववी खोली. तेव्हा मी पंचेचाळिशीचा असेन. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत, तळघरात, चादरींना इस्त्री करायचो. त्या हॉटेलात एक रात्र झोपायला जेवढे पैसे पडत, तेवढा माझा महिन्याचा पगार नव्हता. मी स्वतः सात जणांबरोबर एका खोलीत राहत होतो. कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलायची. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला फार काही नको होतं. एक दार हवं होतं, मी आतून लावीन आणि मीच उघडीन असं. पण एकट्या माणसाच्या पगारात त्या शहरात दार येत नव्हतं.

घर अरुंद, दुमजली होतं. खाली एक म्हातारी आणि तिची भाची राहत. वर एकच खोली, तिला बाहेरून लाकडी जिना. पलंग, बल्ब, कोपऱ्यात नळ. खिडकी उघडली की समोर शेजारची भिंत. भाडं इतरांच्या निम्मं.

"गळतं का?" मी विचारलं.

"नाही."

"पाणी?"

"दोन वेळा येतं."

"मग एवढं स्वस्त कसं, ताई?"

भाची शिवणकाम करायची, टाचण्या ओठांत धरून बोलायची. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"एक अट आहे, दादा. मावशी रोज सात वाजता खालून विचारते, 'आलास का रे?' तुम्ही वरून म्हणायचं, 'आलो, आई.' बस, एवढंच. उत्तर मिळाल्याशिवाय ती घास तोंडात घालत नाही."

"कोणाला विचारतात त्या?"

"तिच्या मुलाला. नऊ वर्षांपूर्वी सकाळी बूट चढवून कामाला गेला. अजून यायचाय."

बस चुकली असेल, अशा आवाजात तिने ते सांगितलं.

"पण त्यांना कळत नाही, आवाज परका आहे म्हणून?"

"तुम्हाला खोली हवीय ना, दादा?"

हवी होती. त्याच दिवशी वळकटी घेऊन आलो.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता खालून तो आवाज आला. बारीक, चिरका, पण त्यात राग नव्हता. "आलास का रे?" मी घसा साफ केला. आई हा शब्द तोंडातून निघाल्याला मला तीस वर्षं झाली होती. "आलो, आई," म्हणालो. खाली ताट सरकल्याचा आवाज झाला. मी पलंगावर बसून राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

पुढे मला त्याची सवयच लागली. दिवसभर इस्त्रीच्या रोलरच्या वाफेत उभं राहून पाय खांबासारखे व्हायचे, पण सातच्या आत मी घर गाठायचो. आपण आलो की नाही हे कोणीतरी विचारतं, ही त्या शहरात लहान गोष्ट नव्हती. म्हातारीला मी बघितलं ते दोनदाच. खिडकीशी, पाठमोरी. ती दुसरं काही विचारायची नाही, मीही दुसरं काही बोलायचो नाही.

चार महिने असे गेले. मग एका संध्याकाळी रोलरचा पट्टा तुटला. तीनशे चादरी पडून होत्या, त्यांना हातानं इस्त्री करावी लागली. निघायला आठ वाजले. मी जवळजवळ पळतच आलो. म्हातारी उपाशी बसली असेल, हे एकच डोक्यात होतं.

दार वाजवलं. भाची ओल्या हातानं बाहेर आली. मागे म्हातारीचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

"माफ करा ताई, आज फार उशीर झाला."

"उशीर कसला? सातलाच तर ओ दिलीत."

"मी आत्ता येतोय… ही बघा, पिशवीसुद्धा खांद्यावर आहे."

तिने पिशवीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दमला असाल, दादा. वर जा." आणि दार लावून घेतलं. आवाज होऊ न देता.

वर कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली माझ्या खिशात. आत कोणी नव्हतं. नळ थेंबथेंब गळत होता. बल्ब लावला. पलंगाच्या कडेला गादी दबलेली होती, कोणीतरी बराच वेळ बसून उठावं तशी. मी तळहात टेकवला. ऊब होती. आणि वास… दिवसभर घामात भिजून अंगावरच वाळलेल्या शर्टाचा वास. आधी वाटलं, माझाच. पण मला साबणाचा वास यायचा, सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांना येतो.

दुसऱ्या दिवशी हे मी घडीवाल्याला सांगितलं. चादरीची दोन टोकं मी धरायचो, दोन तो, आणि आम्ही एकमेकांकडे चालत येऊन घडी घालायचो. सहा वर्षं असे समोरासमोर.

"मग सोड ती खोली," तो म्हणाला.

"आणि जाऊ कुठे?"

"हो, तेही आहे." चादर झटकून तो म्हणाला, "माझ्याकडे आठ जण घोरतात रे. तुझा तो घोरत नाही ना? मग तुझं नशीब चांगलं."

मी हसलो. घाबरायलासुद्धा ऐपत लागते. ती माझ्याकडे नव्हती.

पुढल्या महिन्यात भाची जिना चढून वर आली. ती कधी वर यायची नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"दादा, मावशीची औषधं वाढलीत. पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट लागेल. मला बरं वाटत नाही सांगायला…"

"कळतं, ताई."

तिच्या बोटांची टोकं सुयांनी काळी पडली होती. अशा माणसाशी भांडायचं तरी काय? ती खाली गेली. मी पलंगावर बसलो. दुप्पट भाडं म्हणजे पगारातून जेवणापुरतंही उरणार नव्हतं, आणि जुन्या खोलीतली माझी जागा कधीच भरली होती. किती वेळ बसलो कोण जाणे. बल्बही लावला नाही.

सात वाजले.

"आलास का रे?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. रडू वगैरे नव्हतं, नुसता थकवा. तेवढा एक शब्दही उचलवेना.

"आलो, आई."

माझ्या शेजारून आला तो आवाज. पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून. भयंकर काही नव्हतं त्यात. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा असतो तसा, शेवटचं अक्षर ओढत नेणारा. पलंग किंचित करकरला. मी मान वळवली नाही.

मग म्हातारी, जिने इतक्या महिन्यांत दुसरं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, ती म्हणाली,

"वरचा माणूस जाणार म्हणे…"

म्हणजे मी तिचा मुलगा नाही, हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"नाही जाणार," शेजारचा आवाज म्हणाला. "कुठे जाईल तो?… मी बघतो."

"बरं. दमलायस. नीज."

ताट सरकलं. मी तसाच बसून राहिलो, गुडघ्यांवर हात ठेवून. पुढे झोप लागली. भीतीलाही झोप अडवता आली नाही, इतका दमलो होतो.

एक तारखेला जुनंच भाडं घेऊन खाली गेलो. थोडी मुदत मागावी म्हणून. भाचीनं पैसे घेतले, मोजले, म्हणाली, "झालं बरोबर. निम्मं पहाटे दिलंत, निम्मं आता."

"पहाटे?"

"दार वाजवलंत ना? अंधारात जिन्यावरून हात पुढे केलात. बोलला नाहीत काही. कामावरून आल्यासारखे दिसत होतात." ती थांबली. "तुम्हीच होतात ना, दादा?"

"हो," म्हणालो.

त्यानंतर थकवा वाढला. रोलरसमोर उभ्या उभ्या डुलकी लागायची. घडीवाला म्हणायचा, "दुसरीकडेही पाळी धरलीस की काय? माणूस आहेस का बैल?" खांदे ठणकायचे. तळहातावर फोड आले, फावडं मारणाऱ्याला येतात तसे. इस्त्रीवाल्याला चटके बसतात ते बोटांच्या पाठीला, तळहाताला नाही. मी त्यांना तेल लावायचो आणि विचार करायचा नाही असं ठरवायचो. भाडं मात्र दर महिन्याला पुरं होत होतं.

मग एक सुट्टीचा दिवस आला. दुपारी जेवून आडवा झालो, जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागत होते. पाय जड लागले. उठून बघतो तर पायांत बूट. नाडीचे, जाड तळाचे, जुने. तळांना ओला चिखल. मी सारा जन्म चपलेवर काढला, नाडीचे बूट कधी घातले नाहीत. ते माझ्याच मापाचे होते.

गाठ घट्ट होती, सोडवायला वेळ लागला. मग बूट मांडीवर घेऊन बसलो. वळकटी बांधायची, जिना उतरायचा. एवढंच तर होतं. मी दाराकडे बघितलं. माझं दार. आतून लावलेलं.

महिना संपायला चार दिवस होते.

मी फडकं ओलं केलं, चिखल पुसला. बूट दाराशी नेऊन ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून, अंधारात घालायला सोपे जावेत असे.