पाहुण्यांचा घास

इंगोलश्टाटला नोव्हेंबर लागला की दोनाव नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. अशा दिवसांत ईप्सिताला दोनच कामं असत. ओवीला जेवू घालायचं, आणि ओवी झोपली की पुस्तक उघडायचं. दुसरं काम सोपं होतं.

अडीच वर्षांची ओवी जेवतच नसे. वरणभात नको, नूडल्स नकोत. ब्रेत्सेल हा इथला खारा पाव दिला तर वरचं मीठ चाटून, "फेर्टिश!" म्हणत झालं म्हणून परत करायची. एवढीशी हनुवटी, पण मिटली की कुलूप. डॉक्टरीणबाईंनी गेल्या खेपेला काट्याकडे बघत शांतपणे सांगितलं होतं, पुढच्या वेळी वजन वाढलं नाही तर दाखल करू, नाकातून नळी घालू. ईप्सिता ट्रामसारखी सरळ चालत घरी आली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

पुस्तक तिला कोपऱ्यावरच्या कपाटात मिळालं होतं. रस्त्यावरचंच कपाट ते, कुणीही पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं. मराठी मंडळाने यंदा 'पुस्तक आणि पडदा' असा कार्यक्रम ठरवला होता. विषय, परग्रहावरचे पाहुणे. नवरा-बायकोपैकी एकाने कादंबरी वाचायची, दुसऱ्याने तिच्यावरचा सिनेमा बघायचा आणि सगळ्यांसमोर भांडायचं. घरात सरावच असतो. हृषिकेशने अर्थातच सिनेमा घेतला.

"तुझ्या पुस्तकात आहे काय पण?" डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता त्याने विचारलं. "माझ्याकडे बघ. म्युनिकवर यान उतरतं, रणगाडे येतात, अर्धा तास नुसता धूर."

"पुस्तकात ते आलेले कळतच नाहीत. एक खेडं, एक घर. घरातली बाई थट्टेत एक जादा ताट मांडते आणि म्हणते, कोणी असाल तर या बाबांनो. दिसत कधीच नाहीत. ताटातलं संपतं, एवढंच."

"म्हणजे दोनशे पानं लोक जेवतात?"

"गेनाऊ. अगदी तेच."

"आणि यावर त्यांनी रणगाडे आणले! धन्य आहे."

"बरं, सिनेमात जातात कसे ते?"

"सोपं. बाई ताट मांडायचं बंद करते, दार लावून घेते. मग यान वर, सगळे हात हलवतात, व्हायोलिन. मी रडलो थोडा."

"तू दह्याच्या जाहिरातीतही रडतोस."

"तुझ्यात कसे जातात?"

"अजून शेवट यायचाय. ओवीबाई झोपतील तेवढीच पानं माझी."

सासूबाई, शोभनाताई, नाशिकहून रोज व्हिडिओवर हजर असत. त्या दिवशीही होत्या. "अगं, नुसतं 'आ कर, आ कर' काय लावलंयस? पोरीला नावं घेऊन भरव. चिऊचा घास, काऊचा घास. हृषी असाच जेवला."

"घेते हो आई. इथल्या चिमण्याही तिला पटत नाहीत."

चिऊचा झाला, काऊचा झाला, आजीचा, आजोबांचा, बाबांच्या गाडीचा. ओवी खिडकीबाहेर धुक्यात बघत राहिली. डोक्यात पुस्तक घोळत होतं म्हणून असेल, ईप्सिताच्या तोंडून सहज निघालं, "बरं, हा घास पाहुण्यांचा."

ओवी वळली. ईप्सिताकडे नाही, टेबलाच्या चौथ्या खुर्चीकडे. आणि तिने तोंड उघडलं.

वाटी संपली. तळाशी लागलेलं तूपसुद्धा राहिलं नाही. मोबाइलमधून आजीने टाळ्या वाजवल्या. ईप्सिताने लेकीचे गाल इतके चुंबले की ती "नाइन, मामा!", नको आई, म्हणत खिदळायला लागली.

मग रोज तेच. एक घास पाहुण्यांचा, आणखी एक पाहुण्यांचा. लिंबाएवढे गोळे झटपट जायचे. हृषिकेश कामावरून आला की ती त्याला रिकामी वाटी दाखवायची, शाळेत चित्र दाखवतात तशी. घरात कितीतरी दिवसांनी दोघं शीळ घालत होती.

तपासणीच्या दिवशी तिने ओवीला काट्यावर ठेवलं.

वजन घटलं होतं.

"खाते का ती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळं खाते. रोज वाटी संपवते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. दमलेल्या आयांकडे बघण्याची त्यांची एक खास नजर असावी. "आणखी दोन आठवडे बघू," त्या म्हणाल्या. "मग मात्र दाखल."

त्या दुपारी ईप्सिताने भरवताना गाणं म्हटलं नाही, मोबाइल लावला नाही. नुसतं बघितलं. चमचा ओवीच्या ओठांत गेला, स्वच्छ बाहेर आला. पण गाल फुगला नाही. गळा हलला नाही.

"आ कर बघू, पिल्लू."

ओवीने आ केला. तोंड रिकामं होतं. जिभेवर भाताचं शीत नाही, हळदीचा डाग नाही.

"ओवी, घास कुठे गेला?"

"दी हाबेन हुंगर," ओवी म्हणाली. त्यांना भूक लागलीय. पाळणाघरात दुसऱ्या मुलाला खेळणं द्यायला शिकवलंय ना, त्याच समजूतदार आवाजात. आणि तिने चौथ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

ईप्सिता उठली. खुर्चीच्या बैठकीवर तळहात टेकला. हीटर लांब होता. बैठक मात्र कोमट होती, कुणी आत्ताच उठावं तशी. किंवा कुणी उठलंच नसावं तशी.

तिने हृषिकेशला सांगितलं नाही. काय सांगणार? तो यंत्रं तपासणारा माणूस. त्याने तिला जवळ घेतलं असतं, मऊ खिचडी केली असती आणि म्हणाला असता, तू झोपत नाहीयेस गं. ते खरंही होतं.

आधी तिने सिनेमातला उपाय केला. पाहुण्यांचं नाव घेणं बंद. चौथी खुर्ची उचलून तळघरात नेली, दार लावलं, कडी घातली. ओवीने ओठ मिटले ते मिटलेच. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी रडलीही नाही, नुसती आईच्या खांद्यावर पडून राहिली. किती हलकी झाली होती! कपडे धुऊन वाळलेले उचलावेत तशी.

आणि तळघरातून खुर्ची सरकल्यासारखा आवाज येत होता. भर दुपारी.

ओवी तशीच खांद्यावर झोपली. ईप्सिताने एका हाताने पुस्तक उघडलं आणि शेवट वाचला.

पुस्तकात कुणी दार लावत नव्हतं. यान नव्हतं, निरोप नव्हता. त्या खेड्यातल्या बाईला एवढंच उमगतं की बोलावलेल्याला परत पाठवता येत नाही. फक्त कुणाच्या ताटातून द्यायचं, ते ठरवता येतं. शेवटच्या पानावर तिची मुलगी अंगणात धावत असते, गाल लाल झालेले. बाई खिडकीतून बघत असते. बाईचं पुढे काय होतं, ते लेखकाने लिहिलेलंच नाही.

ईप्सिताने पुस्तक मिटलं. ओवीला सोफ्यावर निजवून खुर्ची वर आणली. आपलं ताट वाढून घेतलं, वरण, भात, वर लिंबू.

"हा घास तुमचा," ती चौथ्या खुर्चीकडे बघून म्हणाली. "आणि यापुढचे सगळे. पण माझ्या ताटातले. तिच्या वाटीला हात लावायचा नाही."

पहिला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला. जिभेला लिंबू लागलंच नाही.

टेबलाखालून कुणीतरी तिची ओढणी ओढली. ओवी जागी झाली होती. "मामा," ती म्हणाली, "इश आउख." मलापण.

त्या दिवशी ओवीने भात चावला. चांगला मचमच आवाज करत, नाकाला वरण लावून. इतका सुंदर आवाज ईप्सिताने आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढच्या तपासणीला काटा वर सरकला. डॉक्टरीणबाई प्रसन्न झाल्या, ओवीला फुगा दिला. निघताना त्यांनी ईप्सिताचं मनगट हलकेच धरलं. "आणि तुम्ही? तुम्ही जेवता ना?"

"पोटभर," ईप्सिता म्हणाली. बोटातली अंगठी तिने मुठीत धरून ठेवली होती. हल्ली घसरायची.

कार्यक्रमाच्या सकाळी तिघं नाश्त्याला बसली. हृषिकेश कागदावर मुद्दे काढत होता. "आल्झो, म्हणजे आज माझी हार नक्की. सगळे म्हणणार पुस्तकच भारी. तूही तेच म्हणणार ना?"

"नाही," ती म्हणाली. "सिनेमा चांगला आहे."

"काय सांगतेस! का?"

"त्यात ते परत जातात."

तो हसला, उठून तिच्या केसांवर ओठ टेकवले आणि कॉफी आणायला आत गेला.

ओवीने आपल्या बशीतला शिरा चमच्यात भरला. गुबगुबीत हात पुढे करून, जर्मनीत जन्मलेल्या त्या पोरीने पहिल्यांदाच अख्खं वाक्य मराठीत म्हटलं.

"आई, हा घास तुझा."

ईप्सिताचे डोळे भरून आले. तिने मोठ्ठा आ केला, चमच्यावर ओठ मिटले.

चमचा रिकामा होता.

ओवी मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. चौथ्या खुर्चीकडे बघत होती, कौतुकाने, आणि तिथला घास गिळून होईपर्यंत थांबली होती.