साडीगार्ड नसलेली गाडी

"ओढणी आवर," असं शौनक आखाडा बाळापूरच्या बाजारापासून बजावत होता आणि मी "तू समोर बघ," म्हणत होते. मग गळ्याला हिसका बसला, गाडी थांबली, आणि माझी निळी ओढणी मागच्या चाकात गुरफटून बसली. माझ्या या शहाण्या भावानं स्टाइल म्हणून गाडीचं साडीगार्ड काढून टाकलं होतं. मी त्याला रस्त्यातच झापत होते, तेही मान वाकडी करून, कारण ओढणीचं दुसरं टोक अजून गळ्यात होतं.

शौनक कुणाकडे ब्लेड मिळतंय का बघत होता, तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक गाडी थांबली. अगदी आमच्याच मॉडेलची.

"कापता काहून? चांगली हाय की," गाडीवरचा म्हणाला. त्यानं आधी हात पँटला खसाखसा पुसले, मगच ओढणीला बोट लावलं. चाक उलटं फिरवत, एकेक पदर सोडवत... किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी त्याच्या पापण्यांवरची धूळ बघत होते.

ओढणी सुटली. मग त्यानं पाना काढला, स्वतःच्या गाडीचं साडीगार्ड खोललं आणि आमच्या गाडीला बसवलं.

"अहो, आणि तुमच्या गाडीला?"

"माझ्या मागं कॅन बसतेत. कॅनला कुठं पदर असतो?"

"नाव तरी सांगा."

"काहून? परत अडकायचा इरादा हाय?"

आणि गेला. मी धुळीकडे बघत उभी राहिले. मला तो आवडला होता, सरळ सांगते. शौनकनं तीनदा हाक मारली म्हणे.

ही दोन हजार चारची गोष्ट. पुढच्याच रविवारी सिद्धेश्वर धरणाकडच्या सरळ रस्त्यावर मोटरसायकलींची शर्यत होती. दोन दोन गाड्या सोडायच्या, झेंडा पडला की सुसाट, वळण नाही की काही नाही. नियम एकच : गाडी शोरूममधून आली तशीच हवी. आदल्या वर्षी एकानं इंजिनात करामत करून बक्षीस नेलं होतं. तेव्हापासून शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अमृतराव भडकले होते. गाडीत काहीही कमी-जास्त सापडलं की बाद, दोन वर्षं बंदी, वर भोंग्यावरून नावानिशी जाहीर : यानं लबाडी केली. तपासायला मी, कारण मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते आणि तोंडानं फटकळ होते. फटकळ माणूस भीड धरत नाही, असा अमृतरावांचा हिशेब.

तपासणी फक्त शेवटच्या फेरीतल्या दोघांची. फेरीआधी दोन्ही गाड्या माझ्यासमोर आल्या. हिंगोलीच्या ओमप्रकाशची ठीक होती. दुसरीच्या डाव्या बाजूला वाकले... आणि थबकले. साडीगार्डच्या जागी नुसती दोन भोकं.

वर बघितलं. त्याच पापण्या, तीच धूळ. आज कॅन नव्हते.

"तुमी?" तो हसला. माझा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "काय झालं?"

"साडीगार्ड," मी पुटपुटले. "तेही नियमात येतं..."

"त्याचा इंजिनाशी काय संबंध?" मग त्याला कळलं. त्यानं मागं बघितलं. तांड्यावरची माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. पुढंच त्याची आई अनुसयाबाई, नवी ओढणी डोक्यावर घेऊन बसलेली. "बंदी राहू द्या. पण भोंग्यावरून नाव... माय ऐकंल."

"कुठं गेलं ते सांगा ना त्यांना."

"न्हाई. तुमचं नाव कशाला आणायचं? जे दिसतं ते सांगा."

मागून अमृतरावांचा आवाज आला. "काय गं मधुवंती? सापडलं काही?"

मी उठून उभी राहिले. "साडीगार्ड नाही, काका."

"मग बाद." त्यांनी माइक उचलला. "तांडा... अमरसिंग राठोड..." गर्दीतून कुणीतरी "वाटलंच होतं" म्हणालं. अमरसिंगनं मान खाली घातली. ते मला बघवेना.

"थांबा काका. इंजिनात करामत करणाराला आणि याला एकच शिक्षा?"

"आज साडीगार्ड सोडलं तर उद्या एक जण सीट काढून येईल. कुणाकुणाला सोडू?"

"सोडू नका. शिक्षा कराच. पण फायदा झाला त्या मापानं करा. किलोभर वजन कमी, त्यानं गाडी हातभर पुढं जाईल फार तर. तुम्ही वर दंड धरून त्याला गाडीभर मागं उभं करा. लबाड मात्र म्हणू नका."

"तू काहून त्याची बाजू घेऊन राहिली?"

गर्दीनं कान टवकारले. हिंगोलीत ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचणार, हे मला ठाऊक होतं. पोचू दे, म्हटलं.

"कारण त्याचं साडीगार्ड तिकडं बाभळीखाली आमच्या गाडीला आहे. माझी ओढणी चाकात गेली होती. माझ्यासाठी काढलं त्यानं." शिट्ट्या झाल्या. मी छातीवरचा तपासनिसाचा बिल्ला काढून अमृतरावांच्या हातात ठेवला. "आता मी तपासणं बराबर नाही. तुम्हीच ठरवा."

अमृतरावांनी बिल्ला उलटापालटा केला. शेवटी ओमप्रकाशच म्हणाला, "गाडीभर मागं चालंल मला. हा बाद होऊन जिंकलो तर काय मजा?"

अमृतरावांनी भोंगा बंद केला आणि अमरसिंगला गाडीभर मागं उभं केलं. झेंडा पडला. अमरसिंग गाडीभर मागून सुटला, जवळ आला, आणखी जवळ... आणि अर्ध्या चाकानं हरला.

मी बाभळीखाली बसले होते. डोळे भरून आले होते. बरोबरीनं सुटला असता तर जिंकला असता, आणि ते गाडीभर माप माझं होतं. तो गाडी ढकलत आला आणि समोर उभा राहिला.

"रागावलात?" मी विचारलं.

"काहून? नियम मोडला, शिक्षा झाली. मायला लबाडाची माय म्हणलं न्हाई कुणी." तो थांबला. "भोंगा बंद करून हरवणारी पयलीच बघितली."

मी पाना पुढं केला. "हे घ्या. तुमचं गार्ड काढून न्या."

"राहू द्या. तुमची ओढणी लई वढाळ हाय." त्यानं पान्याला हात लावला, पाना घेतला नाही, पण हातही मागं घेतला नाही. "मी नवं बसवीन म्हणतो."

"नियमासाठी?"

"न्हाई..." आता तो माझ्याकडे बघेना. "कॅन उतरवले तर मागं जागा हाय. कुणी बसणार असंल तर गार्ड लागंल न."

मी ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली.

"बुधवारी कॉलेजच्या फाटकाशी या. घट्ट बसलंय का ते तपासावं लागेल."

"बिल्ला तर दिलात परत. तपासणार कोण?"

"मीच," मी म्हटलं. "मागं बसून."