मागचा खोकला

बसा पाव्हणं. तितं नगं, जरा हिकडं दिव्याकडं सरका. हां.

हितं पासलीत आमच्या घरात मोबाईलला रेंज न्हाई. काय धाडायचं तर देवळामागची टेकडी चढायची. त्या दिवशी त्याच कामाला निघालो होतो. मागं ढवळी शेळी, माझ्या रत्नाची लाडकी.

रत्ना माझी लेक. पानभराच्या गोष्टी लिहायची. मोबाईलवर निघणाऱ्या एका बारक्या मासिकाला तिनं एक धाडली, आन उत्तर यायच्या आदीच काविळीनं पोर गेली. दहाव्याला कावळा शिवंना. माझी बायको पारू रडून बेजार. शेवटी मीच हात जोडले, "तुझी गोष्ट छापून आणतो गं बाय." तवा कुठं मेला कावळा शिवला.

मग एकदा टेकडीवर गेलो तवा तिच्या मोबाईलवर मासिकवाल्या शेफालीबाईंचा निरोप आला. गोष्ट आवडली, आता स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा.

कुठला आवाज आणू? पोर गेल्याचं कळवलं आन त्यांनी गोष्टच बाजूला ठिवली तर? म्हटलं, बापाचा आवाज काय परका हाय व्हय?

टेकडीवर धुकं उतरलेलं. बटन दाबून अक्षर लावत लावत वाचाय लागलो. मधीच खोबरेल तेलाचा वास आला... तिच्या वेणीला यायचा तसा. ढवळी कान टवकारून माझ्या शेजारी बघत होती. शेजारी कोन न्हाई. खोकत खोकत कसंबसं संपवलं, धाडलं, आन मागं न बघता निघालो. शेळी उतरंना. दाव्यानं वढत आणली.

पुढं विंझरच्या बाजाराला गेलो तवा बाईंचा फोन लागला. "गोष्ट छापतोय आम्ही. रत्नाचा आवाज किती गोड हो! फक्त मागे कुणी आजोबा खोकतायत, तेवढं काढू का?"

"ऱ्हाऊ द्या," म्हटलं.

घरी पारूला ऐकवलं. मला माझाच अडखळता आवाज. ती मातूर मोबाईल छातीशी धरून हमसून रडाय लागली. "रत्नीच की वो!"

"मलाच का न्हाई गं ऐकू येत?" लई जीव तुटला. "शेवटाला काय म्हनती?"

"म्हनती... आबा, थांबा की. मला एकलीला सोडून कुठं चाल्लाव..."

तवापासनं रोज तिन्हीसांजेला वर जातो. "चल बाय, घरला," म्हनतो. ढवळी पाय रोवून तितंच हुबी.

काल मातूर आपणहून उतरली. वाटेच्या कडंकडंनं, माझ्यात आन तिच्यात एका माणसाची जागा सोडून.

मगाशी तुमाला सरकायला सांगितलं, ते त्यासाठीच.